भागिरथेचं आवतन

किन्हीराजात आवतन देणं म्हणजे नुसतं तोंडानं "या" म्हणणं नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. नंतर कोणी म्हणायला नको की भागिरथाबाईचं डोकं उगीच फिरलं.

इथं ज्याच्या तोंडून आवतन गेलं, त्याच्या गळ्यात पाहुणा पडला. पाहुणा आला, बसला, हसला, तर ठीक. रुसला, तर त्याला मनवायला आवतन देणाऱ्यानंच जायचं. आणि गावातलं एखादं मोठं माणूस रुसून उठलं, तर ते परत येऊन बसेपर्यंत बाकीच्यांनी बूड टेकायचं नाही. पंगत असो, कीर्तन असो, नाहीतर ग्रामसभा. कोणी केला हा नियम, त्याच्या तोंडात माती पडो, पण नियम आहे.

आणि भागिरथाबाईनं तर अख्ख्या गावाला आवतन दिलं होतं. दोन दिवस ती दारोदार फिरली. बौद्धपुऱ्यातलं एक घर सोडलं नाही, पाटलाच्या आळीतलं सोडलं नाही, पार नाल्याकाठच्या शेवटच्या झोपडीपर्यंत गेली.

"रविवारी चार वाजता या बरं सारे. माह्या सपनीचं नाटक हाये. गान्यायचं. पुन्यात झालं, नागपुरात झालं, आता आपल्या गावात हाये."

"कायचं नाटक हाये व?"

"लग्नाचं."

सपनानं फोनवर तिला सांगितलं होतं, "लग्न हाये माय, अन् नवरदेवच नाई येत." भागिरथाबाईनं त्यातलं अर्धं ठेवलं आणि अर्धं गिळलं. नवरदेव येत नाही असं सांगितलं तर कोण येईल नाटकाला?

फक्त सोजरबाईनं तिला धरलं. सोजरबाई पाटलाच्या आळीतली, पण पंचवीस वर्षं दोघी एकमेकीशेजारची पात धरून निंदण करत आल्या होत्या, त्यामुळं तिच्यापाशी लपवाछपवी चालत नसे.

"लग्नाचं? सपनीनं? भागे, त्या पोरीले दुसरं काई सुचलं नाई काय व?"

"तू येजो मुकाट्यानं," भागिरथाबाई म्हणाली आणि पुढच्या दारी गेली.

सोजरबाईचं काही चुकलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी याच गावात, समाजमंदिरासमोरच्या याच पटांगणात सपनाच्या लग्नाचा मांडव पडला होता, आणि वरात विधी न होताच परत गेली होती. कारण काय, तर नवरदेवाचा काका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला, खुर्चीचा पाय मोडला, काका उताणा पडला आणि पोट्टे हसले. बस, एवढंच. एवढ्यावर त्या शहाण्या माणसानं पाठ फिरवली आणि सारं वऱ्हाड त्याच्यामागं उठलं. बाई बाई बाई! एका खुर्चीच्या पायावर एका पोरीचं लग्न मोडतं, असं कोणी दुसऱ्या गावात सांगितलं तर लोक म्हणतील, फेकून राह्यला.

त्या दिवसापासून भागिरथाबाई रस्त्यानं खाली पाहून चालत असे. सपना मात्र तिथं थांबलीच नाही. लग्नाचं पांढरं लुगडं उतरवून ठेवलं, संभाजीनगरला जाऊन नाटकाचं शिकली, सहा-सात पोरापोरींची मंडळी जमवली आणि गावोगाव खेळ करत सुटली. आता नऊ वर्षांनी पोरगी गावात खेळ घेऊन येत होती, पेपरात तिचा फोटो आला होता, आणि भागिरथाबाईनं दारोदार फिरताना पहिल्यांदा मान वर केली होती.

रविवारी चारच्या आधीच पटांगण भरलं. सोयाबीन निघून गेलं होतं, तूर उभी होती, लोकांना सवड होती. दिवाबत्ती नाही, पडदा नाही, सारा खेळ उन्हातच. सपनानं जागेवरून हट्ट धरला होता, "करीन तं याच जागी, नाई तं गावात करनारच नाई." समोर लाकडी सोफा टाकला होता आणि त्यावर देवमन गुरुजी बसले होते.

देवमन पडघान म्हणजे भागिरथाबाईचा मोठा भाऊ. निवृत्त मास्तर, समाजमंदिर समितीचा अध्यक्ष, गावात त्याच्या शब्दाला वजन. भागिरथाबाईचा नवरा आसेगावला वारला तेव्हा सपना दोन वर्षांची होती. देवमन बैलगाडी घेऊन गेला, बहिणीला आणि भाचीला घेऊन आला, अंगणातली एक खोली दिली. गावात तिचं जे काही होतं ते या भावाच्या सावलीत. हे ती कधी विसरली नाही, आणि त्यानंही कधी विसरू दिलं नाही.

नाटकाचं नाव 'मांडव रुसला'. ढोलकी वाजली, पेटी वाजली, एक पोरगं स्टीलची ताटं बडवायला लागलं. मधोमध कापडानं झाकलेली एक खुर्ची होती. तिच्याभोवती फेर धरून सगळे गायला लागले:

"खुर्ची रुसली, बाई, खुर्ची रुसली,
बसले सारे तिच्यावर, ती कुठं बसली?"

लोक हसले. चांगलं खदखदून हसले. भागिरथाबाईच्या छातीवरचं ओझं उतरलं. सोजरबाईनं तिला कोपरानं ढोसलं, "गळा बराय व पोट्ट्यायचा."

मग चार पोरं खांब झाली. मांडवाचे खांब. "आमी उभे सकाळपासून, आमाले कोनी बस म्हनलं का?" असं गात चारी खांब रुसले आणि चालत निघून गेले, तो सारा मांडव धप्पकन खाली आला. मग भात शिजवायचा गंज रुसला. तोही गाणं म्हणून लोळत गेला. लोक पुन्हा हसले, पण कमी. मागून कोणीतरी ओरडलं, "नवरदेव कवा येते बे?"

मग आला भोंगा. एक पोरगी डोक्यावर पत्र्याचा भोंगा बांधून उभी राहिली, आणि तिनं तोंड वासलं. गाणं म्हणत होती, हात हलवत होती, गळ्याच्या शिरा ताणत होती, पण आवाज नाही. भोंगा रुसला होता. पुण्यात म्हणे या जागी लोक श्वास रोखून बसतात. किन्हीराजात एक मिनिट झालं आणि सारं पटांगण ओरडायला लागलं.

"आवाज! ए, आवाज!"

"वायर पाय रे मागची!"

एकजण खरोखर उठला आणि मंचामागं वायर शोधायला गेला. वायर होतीच कुठं? तो रिकाम्या हातानं परत आला आणि जाहीर केलं, "मशीनच नाई आनली याईनं!" त्यावर जो गोंधळ झाला तो झाला. कोणी म्हणालं आम्हाला येडं समजून राह्यले. कोणी म्हणालं, लग्न सांगितलं अन् भांडेकुंडे दाखवून राह्यले. एका म्हाताऱ्यानं तर चिडून विचारलं, "आवतन कोनं देलं होतं बे याचं?"

आणि सगळ्या माना भागिरथाबाईकडं वळल्या. पाच-सहाशे डोळे. तिला वाटलं, उठावं आणि तुरीच्या वावरात जाऊन बसावं. पोरीचा असा राग आला, असा राग आला की दात करकर वाजले. अगं, एक राजा आणावा, एक राणी आणावी, दोन चांगली गाणी म्हणावी. पण नाही. हिला भोंगे नाचवायचे होते.

आणि तेवढ्यात ती आली.

पल्लवी नावाची पोरगी होती, सपनाच्या मंडळीतली. अंगावर हिरवं लुगडं, पिवळे काठ. भागिरथाबाईनं ते लुगडं ओळखलं. नऊ वर्षांपूर्वी याच पटांगणात तिनं स्वतः तसलंच नेसलं होतं. पल्लवीनं पदर पुढं धरला आणि पसरायला सुरुवात केली. पदर लांब झाला. आणखी लांब झाला. मंचावरून खाली उतरला, सोफ्याला वळसा घालून माणसांमधून सरपटत निघाला, आणि संपेचना. पन्नास हात असेल, साठ हात असेल. त्या पदरामागं पल्लवी गुडघ्यावर चालत होती आणि गात होती:

"खुर्चीच्या पाया पडते, खांबाच्या पाया पडते,
भोंग्याच्या पाया पडते, कोनी तं हासा हो,
पदर माहा पुरत नाई, कोनी तं बसा हो."

लोक पुन्हा हसायला लागले. पाय वर उचलून पदराला वाट देत होते आणि पोट धरून हसत होते. सोजरबाई मात्र हसायची थांबली. तिनं भागिरथाबाईच्या मांडीवर हात ठेवला. भागिरथाबाईनं तो झटकला.

हसा, मेल्यांनो हसा! त्या दिवशी हीच भागिरथाबाई दुपारी बारापासून पाच वाजेपर्यंत या मातीत गुडघ्यावर फिरली होती. काकाच्या पाया पडली, काकाच्या साडूच्या पाया पडली, ज्याचं नाव माहीत नाही अशाच्याही पाया पडली. हेच लोक तेव्हा पंगतीत बसून वरणभात हाणत होते; रुसलेला काका परगावचा, म्हणून नियमही आड आला नाही. वरात गेली तरी जेवण वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं. आणि आता हसत होते.

ती उठली आणि तरातरा मंचामागं गेली. सपना कनातीआड उभी होती, हातात झांजा घेऊन.

"माही इज्जत चव्हाट्यावर मांडली तुनं, सपने! लोकं हासून राह्यले माह्यावर."

"तुह्यावर नाई हासत, माय. अजून त्याईले समजलंच नाई कोनावर हासाचं हाये ते."

"बंद कर हे."

"नाई करत. नऊ वर्सं तू खाली पाहून चालली. कायले? तुनं काय चोरी केली होती?" सपनाचा आवाज चढला. "मी तथी उभी होती पांढऱ्या लुगड्यात. तुले म्हनलं, माय, उठ. म्हनलं ना? तू उठली नाई. आता शेवटपर्यंत पाह्य, मंग बोल. अजून खुर्चीचं राह्यलं हाये."

"कोनती खुर्ची?"

सपनानं मान मंचाकडं केली. भागिरथाबाईनं कनातीच्या फटीतून पाहिलं. खुर्चीवरचं कापड एका बाजूनं सरकलं होतं. लाल प्लास्टिकचा पाय दिसत होता, आणि त्या पायाला गुंडाळलेली गंजकी तार.



ती खुर्ची तिनं नऊ वर्षं लपवून ठेवली होती, घरामागच्या सरपणाच्या ढिगाखाली, वर कापसाच्या पऱ्हाट्या रचून. पोरीनं ती कधी उपसून नेली, तिला पत्ताच नव्हता. लपवली होती, कारण त्या खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव लिहिलेलं होतं. गावात लग्नाला घराघरातून खुर्च्या जातात, त्या हरवू नयेत म्हणून सगळेच नावं टाकतात. या खुर्चीवर लिहिलं होतं, 'देवमन पडघान, किन्हीराजा'. पाय आधीच मोडलेला होता. देवमननं स्वतः तार बांधली होती, आणि मोजणीत एक कमी पडत होती म्हणून ती स्वतःच मांडवात आणून ठेवली होती.

काका पडला तेव्हा खुर्ची पाठीवर आडवी झाली आणि नाव मातीत दबलं. काकानं एकच गोष्ट मागितली होती. ज्यानं ही खुर्ची ठेवली त्यानं समोर येऊन म्हणावं, चूक झाली. एवढं झालं असतं तर वरात थांबली असती. भागिरथाबाईनं भावाकडं पाहिलं. भाऊ म्हणाला, "आपन पोरीकडचे हाव, भागे. तूच नमतं घे." आणि समाजमंदिरात जाऊन चहा पीत बसला. मग तीच म्हणाली, खुर्ची माझी आहे. काका म्हणाला, बाईची माफी नाही चालत, घरातल्या माणसानं यावं. घरातला माणूस चहा पीत होता. तिनं ती खुर्ची सतरंजीत गुंडाळून घरी नेली, की भावाचं नाव कोणाच्या नजरेला पडू नये. भावाचं नाव गेलं, तर तिचं या गावात राहिलं काय?

"सपने," ती म्हणाली, "ते कापड काढू नोको. तो तुहा मामा हाये. हात जोडते तुले." आणि सवयीनं तिचा हात पदराकडं गेला.

सपनानं तो हात पाहिला.

"माह्यापुढं बी पदर, माय?"

ती एवढंच बोलली, झांजा वाजवल्या आणि मंचावर गेली.

ढोलकी थांबली. पल्लवी पदर पसरत पसरत खुर्चीपाशी आली, म्हणाली, "बाई, तू तरी मान." दोन पोरांनी कापड ओढलं. आणि रुसलेलं माणूस जसं करतं तसंच खुर्चीनं केलं. तिनं लोकांकडं पाठ फिरवली.

पुण्यात दुसऱ्या खुर्चीवर हेच नाव असेल, पण तिथं ते कोणाला कशाला कळेल? त्यांनी टाळ्या वाजवल्या असतील. इथं मात्र पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेपर्यंत हसणं एका क्षणात बंद झालं. कोणीतरी मोठ्यानं वाचलंसुद्धा, "देवमन पडघान, किन्हीराजा."

देवमन गुरुजी ताडकन उठले. गप्प बसले असते तरी भागलं असतं. पण रागानं माणसाची अक्कल गहाण पडते.

"ही माही खुर्ची हाये! कोनं आनली अथी? नऊ वर्सं झाले, सपनीच्या लग्नातून हारपली होती!"

झालं. आता कोणाला काही समजावून सांगायची गरजच राहिली नाही. मागच्या बाजूला बसलेल्या काहींना वाटलं, हे नाटकातलंच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकजण म्हणाला, "वा गुरुजी, तुमी बी हाव का नाटकात?" त्यावर गुरुजींचं तोंड लालबुंद झालं. ते तडक निघाले, पटांगणाच्या कडेला कडुलिंबाचा पार होता त्यावर जाऊन बसले, आणि मंचाकडं पाठ फिरवली. थेट खुर्चीसारखी.

सारं पटांगण उभं राहिलं. नियम तो नियम. मंचावर पोरं पुतळ्यासारखी उभी. सपना मधोमध. ढोलकीवाल्याला कळेना वाजवावं की नाही.

"भागिरथे, जाय. मनव त्याईले."

"आवतन तुहं होतं, बाई."

"पाया पड अन् आन परत. नाई तं खेळ झाला समज."

"पोट्टीले म्हना, माफी माग."

जो तो तिलाच सांगत होता. आणि ती निघाली. तिचे पाय आपोआप निघाले, गुडघ्यांनाही तो रस्ता पाठ होता. मागून दोन-तीनशे माणसं. नाटकाकडं आता एकाचंही लक्ष नव्हतं.

देवमन गुरुजींनी वळून पाहिलं नाही. रुसलेलं माणूस पाहत नसतं.

"सपनीले म्हना, सगळ्यायपुढं माफी माग," ते झाडाच्या बुंध्याला सांगत असल्यासारखे बोलले. "अन् हे थेर आत्ताच्या आत्ता बंद. मंग मी विचार करीन."

भागिरथाबाई उभी होती. पदराचं टोक तिच्या मुठीत आलं होतं, कधी आलं ते तिलाही कळलं नाही. समोर भावाची पाठ. आणि डोक्यात पोरीचा आवाज घुमत होता, माह्यापुढं बी पदर?

"दादा," ती म्हणाली, "खुर्ची कोनाची होती?"

पाठ हलली नाही.

"इकडं पाय अन् सांग. खुर्ची कोनाची होती?"

"भागे, घरातलं घरात—"

"घरातलं? पाच तास मी घरात होती का? या मातीत होती मी! अन् तू तथी," तिनं समाजमंदिराकडं बोट केलं, "चहा पेत होता. कप-बशीत! मी खिडकीतून पाह्यलं तुले. त्या मानसाले एक शब्द पाह्यजे होता, दादा. एक. चुकलं म्हनाचं अन् मोकळं व्हाचं. तुह्या तोंडाले काय लकवा मारला होता?"

देवमन गुरुजी आता वळले. डोळे नुसते आग ओकत होते.

"अन् तुले या गावात कोनं आनलं? डोक्शावर छप्पर कोनं देलं? हे इसरली?"

"नाई इसरली. त्याच्याचसाठी नऊ वर्सं ते खुर्ची सरपनात दाबून ठेवली. तुह्या नावावर पऱ्हाट्या रचल्या. माह्या पोरीचं लगन त्या ढिगाखाली गेलं, तरी बोलली नाई." तिचा आवाज फाटला, पण ती रडली नाही, रागानं रडूच येत नव्हतं. "तुहं छप्पर फिटलं, दादा. आज फिटलं."

मग ती गर्दीकडं वळली. मुठीतलं पदराचं टोक तिनं पाहिलं, आणि कमरेला खोचलं. निंदायला बसताना खोचतात तसं, घट्ट.

"अन् तुमी! काय पाहून राह्यले? मी परत लोळन घेते का नाई, ते पाहाले आले का? त्या दिवशी जेवले ना पोटभर? एकानं तरी म्हनलं का, बाई, उठ? हो, आवतन माहं होतं. मनधरनी माही नाई. ज्याले बसाचं त्यानं बसा, ज्याले जाचं त्यानं घरी जा. मी माह्या पोरीचं नाटक पाहाले चालली."

ती गर्दीतून परत निघाली. लोकांनी वाट दिली. समोरचा सोफा रिकामाच होता, पण ती तिथं गेली नाही, आपल्या जागी सतरंजीवर जाऊन बसली. मागं कोण येतं, कोण जातं, तिनं पाहिलं नाही. सोजरबाई आली. "सरक जराशी," म्हणाली आणि मांडी घालून बसली. गुरुजी पारावर असताना गावातलं पहिलं बूड टेकलं ते सोजरबाईचं. मग आणखी एक बाई बसली, मग चार. निम्मं गाव निघून गेलं. जाताना लोक शिव्याच देत होते, नाटकाला, सपनाला, भागिरथाबाईला. निम्मं बसलं. त्यातलेही सगळे काही प्रेमानं बसले नव्हते. काहींना खाली पाहायला जागा हवी होती.

"लाव व पुढं," भागिरथाबाई मंचाकडं ओरडली. "शेवट पाहू दे मले."

शेवट असा होता की साठ हात पदर पटांगणभर पसरलेला, पल्लवी त्याच्या एका टोकाशी बसलेली, आणि खेळातले सगळे एकेक करून निघून जातात. पदर तसाच पडलेला. बस. पुण्यात इथं टाळ्या पडतात.

किन्हीराजात टाळ्या पडल्या नाहीत. भागिरथाबाई उठली. मातीत पडलेलं पदराचं दुसरं टोक तिनं उचललं, झटकलं.

"सोजरे, मधी धर."

सोजरबाईनं मधे धरला. आणखी तिघी-चौघी उठल्या. वाळलेलं लुगडं आवरतात तसं बायांनी ते सगळं कापड हातोहात आवरलं, घडी केली, घडीवर घडी. सपना पाहत उभी होती, झांजा हातात तशाच.

"माय, हे नाटकात नाई हाये."

"नसन. आता घाल त्याच्यात," भागिरथाबाईनं घडी तिच्या हातात दिली. "मातीत टाकून जाचं राह्यते का लुगडं?"

मग तिनं मंचावरची लाल खुर्ची उचलली.

देवमन गुरुजी अजून पारावर होते, पाठ करून. सोबत दोघंच उरले होते. मागून पावलं वाजली तसे ते ताठ झाले, गळा खाकरला, आणि जराशी मान वळवली. मनवायला कोणी आलं की तेवढी वळवायची असते.

भागिरथाबाईनं खुर्ची त्यांच्यासमोर ठेवली. नाव त्यांच्याकडं केलं.

"घे, दादा. नाव तुहं हाये," ती म्हणाली. "जपून बस. पाय तारेचा हाये."